कोंबडी एकाएकी लंगडली, तर खुराडेही तपासावे

संध्याकाळी अंगणात दाणे टिपून आपल्या पायांनी खुराड्यात गेलेली कोंबडी सकाळी दार उघडल्यावर बाहेर येत नाही. हात घालून काढली तर एका कुशीवर कलंडते, पंख जमिनीला टेकवून तोल सावरू पाहते, पाय मागे ओढते. परसातील कुक्कुटपालन करणाऱ्या घराला हा प्रसंग नवा नाही. भिलाईच्या पोलाद कारखान्याभोवतीच्या वस्त्यांत, दुर्ग जिल्ह्यातील खेड्यांत आणि राजनांदगाव ओलांडून थेट गोंदिया-भंडाऱ्यापर्यंत अशा कोंबडीविषयीचा निवाडा बहुधा एका शब्दात होतो : मानमोडी. मग पक्षी त्याच दिवशी सुरीखाली जातो, किंवा दुकानातून आणलेले एखादे प्रतिजैविक सगळ्याच कोंबड्यांना पाण्यातून पाजले जाते. खुराडे महिना-दोन महिने रिकामे ठेवले जाते आणि नवे पक्षी आणले जातात. काही दिवसांत त्यांतलेही एक लंगडते.

विसाव्या पशुगणनेनुसार, म्हणजे 2019 साली, देशातील सुमारे 85 कोटी कुक्कुट पक्ष्यांपैकी 31 कोटी 70 लाखांहून अधिक पक्षी परसात होते. दहा-पंधरा कोंबड्यांच्या धन्याला त्यांतल्या चार गमावणे म्हणजे महिन्याच्या अंड्यांवर आणि हाताशी असलेल्या रोख पैशावर पाणी सोडणे होय. म्हणून निदान एका शब्दात उरकणे परवडणारे नाही. पायांतले बळ जाण्याची कारणे अनेक आहेत. त्यांतले एक वारंवार नजरेआड होते, कारण ते दिवसा कोंबडीच्या अंगावर नसते. ते खुराड्याच्या फटीत असते.

आधी पक्षी पाहावा

पहिली नोंद संख्येची. दिवस-दोन दिवसांत अनेक पक्षी एकदम मेले, डोके सुजले, तुरा व कल्ले निळसर पडले, पायांवर रक्ताळलेले डाग दिसले, तर तेथे कसलीही तपासणी किंवा शवविच्छेदन स्वतः करू नये. मेलेले पक्षी हाताळू नयेत, विकू नयेत. पशुसंवर्धन विभागाला तत्काळ कळवावे. देशातील बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक फेब्रुवारी 2006 मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे झाला. जानेवारी 2021 मध्ये भिलाईला लागूनच असलेल्या बालोद जिल्ह्यात आणि 2025 च्या आरंभी छत्तीसगडमधीलच रायगडच्या शासकीय कुक्कुटपालन केंद्रात त्याची लागण आढळली. या रोगाची अंतिम खातरजमा भोपाळ येथील राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेत होते. गावपातळीवर अंदाज बांधण्याचा हा विषय नाही.

मानमोडीचेही गांभीर्य कमी नाही. राणीखेत या नावाने ओळखला जाणारा हा विषाणुजन्य रोग कळपात वणव्यासारखा पसरतो. आधी धाप, चोच उघडून श्वास घेणे, हिरवट पातळ विष्ठा. मग मान मुरगळणे, पंख व पाय लुळे पडणे. लसीकरण न झालेल्या कळपात तीन-चार दिवसांत निम्म्याहून अधिक पक्षी आजारी दिसू शकतात. पिल्लांना पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा लसीचा थेंब डोळ्यात किंवा नाकात आणि आठव्या आठवड्याच्या सुमारास आर-टू-बी लसीचे इंजेक्शन हा त्यावरचा खरा उपाय आहे. लस झालेली असताना, श्वासाचा त्रास नसताना, आठ-पंधरा दिवसांच्या अंतराने एकेकच पक्षी लंगडत असेल, तर मानमोडीचा शिक्का मारण्यापूर्वी थांबणे योग्य.

एकटा-दुकटा पक्षी लंगडला असेल तर त्याला सावलीत, कोरड्या टोपलीत वेगळे ठेवून पायांपासून वर पाहत जावे. तळपायाला काळी खपली व खाली कडक सूज असेल, तर ते गळू आहे. उंच दांडीवरून टणक जमिनीवर उडी मारणाऱ्या जड पक्ष्यांत ते नेहमी आढळते. शहरी वस्तीत बोटांभोवती नायलॉनचा दोरा किंवा मांजा गुंडाळला जाऊन रक्तपुरवठा तुटतो, आणि हे कारण इतके क्षुल्लक वाटते की बघायचेच राहून जाते. पायांचे खवले उचललेले, खरखरीत व चुनखडीसारखे दिसत असतील, तर तो नेमिडोकॉप्टिस म्यूटान्स या अतिसूक्ष्म कोळ्याचा उपद्रव होय. तो महिनोन्‌महिने वाढतो. एका रात्रीत लंगडेपण आणत नाही. कोमट साबणपाण्यात पाय भिजवून, मऊ ब्रशने घासून खोबरेल तेलाचा किंवा व्हॅसलिनचा लेप काही दिवस दिल्यास तो आटोक्यात येतो. रॉकेल ओतण्याची जुनी रीत मात्र सोडावी. तिने त्वचा भाजते.

अंड्यावरची कोंबडी पेंग्विनसारखी ताठ उभी राहून कुंथत असेल, तर अंडे अडकले असण्याचा संभव असतो. दीड ते पाच महिन्यांच्या तलंगांत एक पाय पुढे व एक मागे अशी ठेवण दिसली, तर मरेक्सचा संशय घ्यावा. त्यावर उपचार नाही. लस उबवणी केंद्रातच पहिल्या दिवशी दिलेली असावी लागते. लहान पिल्लांची बोटे आत वळली असतील, तर रिबोफ्लेविन, म्हणजे ब-2 जीवनसत्त्वाच्या कमतरतेचा विचार आधी करावा.

मान मुरगळलेली आहे की लुळी पडलेली आहे, हा भेद बारकाईने पाहावा. मुरगळलेली मान ताठ असते आणि पीळ सोडवली तरी पुन्हा वळते. लुळी मान ओल्या फडक्यासारखी जमिनीवर पडते, पापण्या मिटू लागतात, पिसे सहज हातात येतात. हे बोट्युलिझमचे लक्षण असू शकते. उकिरड्यावर किंवा झुडपात सडत पडलेल्या मेलेल्या जनावरात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम हा जिवाणू विष तयार करतो. त्या मांसावर पोसलेल्या माशीच्या अळ्यांना ते विष बाधत नाही, पण त्यांच्या अंगात ते साठते. कोंबडीला अळ्या म्हणजे मेजवानी. थोड्याशा अळ्याही तिला आडवे करायला पुरतात. म्हणून मेलेला उंदीर असो वा कोंबडी, खोल पुरणे हा स्वच्छतेचा उपचार नसून कळपाचे प्रत्यक्ष रक्षण आहे.

यानंतर पंखांखालची, मांड्यांच्या आतली आणि छातीवरची पिसे फुंकर घालून विलगावीत. येथे निळसर-काळ्या, बाजरीच्या दाण्यांएवढ्या गाठी त्वचेला घट्ट चिकटलेल्या आढळल्या, तर शोधाची दिशा बदलते.

रात्री येणारी गोचीड

आर्गस पर्सिकस ही कोंबड्यांची गोचीड जनावरांच्या कानात व कासेजवळ दिसणाऱ्या गोचिडीपेक्षा वेगळ्या कुळातली आहे. तिचे अंग मऊ, चामड्यासारखे, चपटे असते. उपाशी असताना ती सुकलेल्या मनुक्यासारखी सुरकुतलेली, तपकिरी दिसते आणि रक्त पिऊन झाल्यावर फुगून निळसर होते. वरून पाहिल्यास तिचे तोंड दिसत नाही. ते अंगाखाली दडलेले असते. पूर्ण वाढलेली गोचीड अर्धा ते एक सेंटिमीटर लांबीची, म्हणजे नुसत्या डोळ्यांना सहज दिसणारी असते. तरीही ती बहुतेकांनी पाहिलेली नसते, याचे कारण तिची दिनचर्या.

अंड्यातून निघालेले सहा पायांचे पिल्लू कोंबडीच्या अंगावर चढते आणि पाच ते दहा दिवस तेथेच चिकटून रक्त पिते. वर सांगितलेल्या निळसर गाठी त्या याच. मग ते गळून पडते, फटीत शिरते आणि कात टाकते. यापुढच्या सर्व अवस्था, म्हणजे निम्फ व प्रौढ, केवळ रात्री बाहेर येतात, झोपलेल्या कोंबडीचे रक्त साधारण तासाभरात पिऊन उजाडण्यापूर्वी पुन्हा फटीत परततात. दिवसा कोंबडी हातात घेऊन कितीही तपासली तरी प्रौढ गोचीड सापडत नाही. मादी प्रत्येक रक्तभोजनानंतर अंड्यांचा एक घोस घालते. आयुष्यभरात तिची अंडी कित्येक शेकड्यांत जातात.

आणि सर्वांत महत्त्वाचे, ही गोचीड अन्नावाचून एक वर्षाहून अधिक काळ, अनुकूल आडोसा मिळाल्यास त्याहूनही कितीतरी जास्त, जिवंत राहते. खुराडे दोन महिने रिकामे ठेवण्याची शिफारस विषाणूंच्या बाबतीत उपयोगी पडते. या गोचिडीच्या बाबतीत ती केवळ तिचा उपास घडवते. नवे पक्षी आले की उपास सुटतो.

हिच्यामुळे पाय जाण्याचे दोन मार्ग आहेत आणि त्यांचे उपचार भिन्न आहेत. पहिला मार्ग विषाचा. अंगावर चिकटलेल्या पिल्लांच्या लाळेतील विषारी द्रव्यामुळे पायांपासून सुरू होऊन वर चढणारा लुळेपणा येतो. ताप नसतो, पक्षी सावध असतो, दाणा समोर धरला तर टिपतो, पण उभा राहू शकत नाही. चिमट्याने त्वचेलगत धरून सर्व पिल्ले काढली, तर पुष्कळदा असा पक्षी थोड्याच दिवसांत पुन्हा चालू लागतो. औषधाविना बरा होणारा लंगडेपणा पाहून घरच्यांना चमत्कार वाटतो. चमत्कार एवढाच, की कोणीतरी पंख उचलून पाहिला.

दुसरा मार्ग रोगाचा, आणि तो अधिक घातक आहे. बोरेलिया अँसेरिना हा मळसूत्राच्या आकाराचा जिवाणू गोचिडीच्या चाव्यातून कोंबडीच्या रक्तात शिरतो व स्पायरोकीटोसिस हा रोग होतो. 1891 साली सॅखारॉफ या संशोधकाने कॉकेशस प्रदेशातील हंसांमध्ये तो प्रथम पाहिला. 1903 साली मार्शू व सालिंबेनी यांनी ब्राझीलमध्ये कोंबड्यांवर काम करून गोचीडच त्याची वाहक असल्याचे दाखवले. गोचिडीच्या मादीकडून तो अंड्यांवाटे पुढच्या पिढीतही जातो, त्यामुळे आजारी कोंबडी नसलेल्या खुराड्यातही संसर्ग टिकून राहतो. चाव्यानंतर साधारण चार ते नऊ दिवसांत सणसणून ताप येतो. निरोगी कोंबडीचे तापमान 41 ते 42 अंश सेल्सिअस असते. या रोगात ते 43 च्या वर जाते. (माणसांसाठीचे बहुतेक डिजिटल तापमापक 43 च्या आतच थांबतात; तेव्हा आकड्याऐवजी चूक दाखवणारे चिन्ह उमटले, तर तीही माहितीच समजावी.) पक्षी पिसे फुलवून, डोळे मिटून बसतो, खूप पाणी पितो, विष्ठा हिरवट पातळ होते, तुरा फिका पडतो. त्यानंतर पाय व पंख लुळे पडतात. शेवटी तापमान उतरते, आणि हे उतरणे सुधारणेचे चिन्ह नसते. मेलेल्या पक्ष्याची प्लीहा मोठी, ठिपकेदार झालेली आढळते.

हा जिवाणू पेनिसिलिनला चांगला दबतो. वेळेवर, योग्य मात्रेत इंजेक्शन मिळाल्यास पक्षी वाचतो. मात्रा वजनावर ठरते आणि इंजेक्शन पशुवैद्यकानेच द्यावे. उपचाराच्या काळातील व त्यानंतर त्याने सांगितलेल्या दिवसांतील अंडी आणि मांस खाऊ नये.

विस्तार कार्यकर्त्यांनी एका गोष्टीकडे विशेष लक्ष द्यावे. गोचीड असलेल्या खुराड्यातच लहानाच्या मोठ्या झालेल्या गावठी कोंबड्यांपैकी जगलेल्या पक्ष्यांत या रोगाविरुद्ध प्रतिकारशक्ती आलेली असते. त्याच खुराड्यात बाहेरून आणलेल्या वनराजा, ग्रामप्रिया यांसारख्या सुधारित तलंगा सोडल्या, की दहा-बारा दिवसांत त्या मलूल होतात, लंगडतात, मरतात. शेजारच्या गावठी कोंबड्यांना काहीच होत नाही. मग गावात मत पक्के होते की सुधारित जात इथल्या मातीत टिकत नाही. दोष कधी कधी जातीचाही असेल, पण तसा निष्कर्ष काढण्याआधी रात्री एकदा खुराडे पाहिले गेले होते का, हा प्रश्न विचारला पाहिजे. पक्षी वाटपाच्या योजनांत पिल्लांची, खाद्याची, लसीची तरतूद असते. फटी बुजवण्याच्या दोन घमेली सिमेंटची बहुधा नसते.

पाहणीची वेळ रात्री दहानंतरची. विजेरी घेऊन, आवाज न करता दांडीचा खालचा पृष्ठभाग, दांडी भिंतीला टेकते तो सांधा, फळ्यांचे जोड, पत्र्याच्या घड्या व अंड्यांच्या टोपलीचा तळ तपासावा. दिवसा पाहायचे असल्यास सैल फळी उचकटून किंवा फटीत चाकूचे पाते फिरवून खाली पांढरा कागद धरावा. गोचिडी, त्यांच्या टाकलेल्या कातीचे पातळ पापुद्रे, करड्या-तपकिरी अंड्यांचे घोस पडतात. याच फटींत राखाडी-लाल, ठिपक्याएवढे असंख्य कोळी पळताना दिसले, तर तो डर्मॅनिसस गॅलिनी, म्हणजे लाल कोळी होय. तोही रात्रीच रक्त पितो. त्याने पक्षी फिके व अशक्त होतात. उपाय बराचसा सारखाच आहे. बाभळीवर किंवा आंब्यावर बसून रात्र काढणाऱ्या कोंबड्यांच्या बाबतीत सालीखालची जागाही विसरू नये.

उपचार खुराड्याचा

गोचिडींचा फार मोठा भाग पक्ष्यावर नसून घरात असतो, तेव्हा पक्ष्याला पावडर चोळून खुराडे तसेच ठेवणे म्हणजे नळ चालू ठेवून फरशी पुसणे. सर्व पक्षी बाहेर काढावेत. मोडक्या पेट्या, सालीसकटची लाकडे, जुने गवत शक्यतो जाळूनच टाकावे. वीट, दगड, लोखंडी जाळी यांवरून ज्योतीचा दिवा सावकाश फिरवावा. लाकडावर व छपराखाली मात्र उकळते पाणी ओतावे. भिलाईच्या मे महिन्यात गवती छपराजवळ ज्योत नेणे कोणत्याही गोचिडीपेक्षा धोक्याचे.

मग फटी. शेणमातीचा लेप स्वस्त व सवयीचा असला तरी तो वाळला की तडकतो, आणि प्रत्येक तडा नवे बिऱ्हाड होते. सिमेंट किंवा चुना-वाळूने फटी बुजवून त्यावर चुन्याचे दोन हात द्यावेत. डेल्टामेथ्रिन किंवा पर्मेथ्रिन यांसारखे, जनावरांच्या निवाऱ्यात वापरण्यास मान्यता असलेले कीटकनाशक पशुवैद्यकाच्या सल्ल्याने, वेष्टनावरील प्रमाणातच, उरलेल्या सांध्यांत शिरेल असे फवारावे आणि पूर्ण वाळल्यावरच पक्षी आत घ्यावेत. अंड्यांवर औषधाचा परिणाम कमी होत असल्याने दोन आठवड्यांच्या अंतराने किमान दोनदा पुन्हा फवारणी लागते. शेतातल्या पिकासाठी आणलेले औषध येथे कदापि वापरू नये. 2017 साली नेदरलँड्स व बेल्जियममध्ये लाल कोळ्याविरुद्धच्या फवारणीत फिप्रोनिल मिसळले गेल्याचे उघड झाले आणि लाखो अंडी नष्ट करावी लागली. एवढी तपासणी-यंत्रणा असलेल्या देशांत हे घडले. परसातले अंडे तर कोणी तपासत नाही, ते थेट घरच्या मुलाच्या ताटात जाते.

गोचीड उडत नाही, उडी मारत नाही. या एका दुबळेपणावर स्वस्तातला सर्वांत टिकाऊ उपाय उभा आहे. दांडी भिंतीपासून हातभर दूर, चार पायांवर उभी करावी आणि प्रत्येक पाय वापरलेल्या तेलाच्या वाटीत ठेवावा. दांडी गुळगुळीत, भरीव लाकडाची असावी. पोकळ बांबूची टोके ही गोचिडींची आवडती जागा. चिवा किंवा बांबूच वापरायचा असेल, तर टोके सिमेंटने बंद करावीत.

आठवडी बाजारातून आणलेला पक्षी पहिल्याच रात्री खुराड्यात सोडू नये. पिल्ले पाच ते दहा दिवस अंगावर चिकटून राहतात आणि नंतर गळतात, या हिशेबाने नवा पक्षी किमान पंधरा दिवस घरापासून दूर, कागद किंवा पोते अंथरलेल्या टोपलीत ठेवावा. अंथरूण दर दोन-तीन दिवसांनी जाळावे. या मुदतीत पिल्ले गळून संपतात आणि बोरेलियाचा संसर्ग असेल तर तोही बहुधा उघड होतो.

नमुना कोणाचा घ्यावा

स्पायरोकीटोसिसची खात्री रक्ताच्या काचपट्टीवरून होते. गिम्सा रंगद्रव्याने रंगवल्यावर सूक्ष्मदर्शकाखाली मळसूत्री जिवाणू दिसतात. येथे एक चूक हटकून होते. तीन दिवसांपासून लंगडणारी कोंबडी तपासणीला आणली जाते, अहवाल निरंक येतो आणि गोचिडीचा विचार सोडून दिला जातो. वस्तुतः ताप उतरण्याच्या सुमारास जिवाणू रक्तातून नाहीसे होऊ लागतात. म्हणून काचपट्टी लंगड्या पक्ष्याइतकीच, किंबहुना त्याआधी, आज नुसत्या मलूल व तापलेल्या दिसणाऱ्या सोबतीणीची घ्यावी.

भिलाई-दुर्गच्या पशुपालकांना अंजोरा येथील पशुवैद्यकीय महाविद्यालय, तर विदर्भातील पशुपालकांना नागपूरचे पशुवैद्यकीय महाविद्यालय तपासणीसाठी जवळ आहे. फिरत्या पशुचिकित्सा पथकाला 1962 या क्रमांकावर बोलावता येते. ताजा मेलेला पक्षी न्यायचा असल्यास दुहेरी पिशवीत, बर्फासोबत, त्याच दिवशी न्यावा. मात्र अनेक पक्षी एकदम मेले असतील तर आधी कळवावे आणि पक्षी जागेवरून हलवू नये. सोबत फटीत सापडलेल्या चार-सहा गोचिडी छोट्या बाटलीत, 70 टक्के अल्कोहोलमध्ये बुडवून द्याव्यात आणि बाटलीत पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी टाकावी : गाव, तारीख, गोचीड दांडीवर सापडली की अंगावर, आणि शेवटचे नवे पक्षी कधी आणले. शाईने लिहिलेली चिठ्ठी अल्कोहोलमध्ये पुसली जाते.